मुकादमची दाढ

कवळीकाकांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पाकिटावर नुसतं 'कवळीवाले' लिहिलं तरी पत्र बिनचूक त्यांच्या दारात येई. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवत. काका त्यावरून प्लॅस्टरचा साचा ओतत, मेणात एकेक दात रोवत, कवळी शिजवत, घासत, चकचकीत करत आणि एखाद्या बोळक्या आजोबांना पुन्हा पेरू खायची सोय करून देत. तीस वर्षं हेच चाललं होतं. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर घासायची मोटर आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले पांढरेशुभ्र जबडे. नवखा माणूस आत आला की दचकायचा. काकांना मात्र त्यांची सोबत वाटे.

या धंद्याने त्यांना एक खोड लावली होती. समोरचा माणूस काय बोलतोय यापेक्षा तो कुठल्या बाजूने चावतोय, इकडेच त्यांचं लक्ष. एकदा काकूंचा भाऊ जेवायला आला असताना भर ताटावर काकांनी त्याला विचारलं, "तुमची खालची डावी दाढ गेली वाटतं?" ते खरं निघालं, आणि म्हणूनच तो मेव्हणा अजून धुसफुसत होता.

काकूंनी उभा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे काढलेला. त्यामुळे थोडक्या शब्दांत काम उरकायची त्यांची सवय, आणि समोरचा थापा मारतोय हे तिकीट चिकटवायच्या आत ओळखायची हातोटी. आता त्या निवृत्त होत्या, पण नजर अजून खिडकीवरच बसलेली होती.

आणि तिसरी मुकादम. ती खरं तर त्यांच्या मुलीची कुत्री. मुलीला लांबच्या शहरात नोकरी लागली आणि तिथल्या घरमालकाला जनावर चालेना, म्हणून जाताना तिने हे तपकिरी गाठोडं आई-बापांच्या गळ्यात घातलं. एक कान उभा, एक पडलेला. मुलीने ठेवलेलं नाव कुठल्याशा फुलाचं होतं. ते काकूंच्या जिभेला वळेना. पण घरात कुठेही काम निघालं की ही आधी हजर. सुतार असो, नळ दुरुस्त करणारा असो, पुढचे पाय जुळवून त्याच्या पाठीशी बसायची आणि हातोडीच्या प्रत्येक ठोक्याकडे संशयाने बघायची. काम संपलं की उठून वास घ्यायची आणि एक सुस्कारा टाकायची, जणू 'ठीक आहे, चालवून घेऊ.' तेव्हापासून ती मुकादम झाली.

बाकी सगळ्या बाबतीत गुणाची. वाईट खोड एकच, चावण्याची. काकूंच्या चपलेचा अंगठा गेला. झाडूचा दांडा निम्मा झाला. टीव्हीच्या रिमोटवर आवाज वाढवायचं तेवढं एक बटण उरलं, त्यामुळे त्या घरात बातम्या संध्याकाळभर चढत जात आणि शेवटी उठून टीव्हीची वायर उपटावी लागे.

इथवर काकांनी सोसलं. पण एके दिवशी गाणाऱ्या बाईंची कवळी तयार झाली. बाई गायन शिकवायच्या, स्वतःही गायच्या, आणि रविवारी त्यांचा मोठा कार्यक्रम होता. काकांनी कवळी पुसून टेबलाच्या कडेला ठेवली आणि चहाला आत गेले. परत येऊन बघतात तर मुकादम टेबलाखाली पालथी, दोन पायांत कवळी धरलेली, डोळे मिटलेले, ब्रह्मानंदी टाळी लागलेली. पुढचे दोन दात गायब. टाळूच्या जागी चाळण.

नेमक्या त्याच वेळी बाई दारात.

"झाली का हो तयार?" त्यांनी विचारलं, आणि मग त्यांची नजर टेबलाखाली गेली. "ती... ती माझी आहे?"

"होती," काका म्हणाले.

"अहो, रविवारी कार्यक्रम आहे माझा! जुनी घातली की 'स' म्हणताना शिट्टी वाजते. श्रोत्यांना वाटतं कुकर झाला!"

काकांनी पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. दोन दिवस तहानभूक विसरून दुसरी कवळी केली आणि वेळेत पोचवली. पण कानाला खडा लावला. या बयेला चावायला तिचं स्वतःचं काहीतरी दिलंच पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी ते चौकातल्या प्राण्यांच्या खाऊच्या दुकानात गेले. दुकानदार जाड भिंगांचा, शांत माणूस. त्याने एकेक वस्तू समोर मांडायला सुरुवात केली. काका प्रत्येक वस्तू दाबून बघत आणि बाजूला सारत. "हे? हे आमची मुकादम चहाबरोबर संपवील. तुमच्याकडे सगळ्यात टिकाऊ काय आहे ते दाखवा. दगड असला तरी चालेल."

दुकानदाराने वरच्या फळीवरून एक शिंगाचा तुकडा काढला. वीतभर लांब, राखाडी, टोकाला गुळगुळीत. काकांनी तो काउंटरवर आपटला. ठण्ण असा आवाज आला. काका खूश झाले. त्यांच्या धंद्यात टिकाऊ या शब्दाइतकी मोठी शाबासकी नव्हती.

घरी काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. "हे तिने खायचं, की याने खिळे ठोकायचे?"

"तुला नाही कळायचं. जन्मभर पुरेल."

"कुणाच्या जन्मभर?" काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढचे दोन आठवडे घरात अशी शांतता नांदली की शेजारीण चौकशीला आली. मुकादम सकाळ-संध्याकाळ शिंग घेऊन चटईवर बसायची आणि कट्ट, कट्ट, कट्ट. चपलांना जीवदान मिळालं. टेबलाच्या कडेला कवळ्या निर्धास्त पडू लागल्या. काका मोटर चालवता चालवता म्हणायचे, "ऐकतेस का? तिचाही कारखाना सुरू आहे."

मग एका बुधवारी तिच्या भांड्यात जेवण घातलं आणि काकांचा हात तसाच थांबला.

मुकादम डाव्या बाजूने चावत होती.

मान जरा तिरकी, उजवा गाल स्वस्थ, आणि घास डावीकडून डावीकडेच फिरतोय. मध्येच एक तुकडा तोंडातून खाली पडला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि सोडून दिला. आजवर तिने सोडून दिलेली वस्तू काकांच्या पाहण्यात नव्हती. ही खूण ओळखण्यात ज्यांचा हात कुणी धरला नसता, त्या काकांनी मनाशी म्हटलं, मान अवघडली असेल.

गुरुवारी म्हटलं, भूक नसेल. शुक्रवारी ती पंजाने गाल घासू लागली, तेव्हा म्हटलं, माशी बसली असेल. शनिवारी बहाणे संपले. काकू भाजी आणायला गेल्याचं बघून काकांनी दार लोटलं, कपाळावरचा दिवा चढवला, मुकादमला मांडीशी घेतलं आणि अलगद तिचा उजवा ओठ वर केला.

वरची मोठी दाढ. तिची बाहेरची बाजू कौल निसटावं तशी निघून गेली होती. उरलेल्या दाढेच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा गुलाबी ठिपका होता. हा ठिपका म्हणजे काय हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. ती उघडी पडलेली नस होती. ज्याच्या तोंडात असा ठिपका असतो तो माणूस भिंतीवर डोकं आपटतो, डॉक्टरला देव म्हणतो आणि बायकोवर ओरडतो. मुकादमने शेपटी हलवली.

गावभराचे दात सांभाळणाऱ्याच्या घरात दाढ फुटली होती, आणि ती फोडायचं हत्यार त्यांनी स्वतः काउंटरवर ठण्णकन वाजवून आणलं होतं. त्यात उद्या रविवार. रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि ती आधी विचारायची, "माझी कुठेय?" आई-बापांचा नंबर नंतर.

तेव्हा त्यांनी ठरवलं, ही भानगड आपणच मिटवू. दाढेला टोपी घालायची. माणसांच्या दाढांना हजारो टोप्या केल्या, ही एक कुत्र्याची. कुणाला कळायचंही नाही.

टोपीसाठी आधी ठसा हवा. काकांनी लहान मुलांच्या मापाचा एक ट्रे घेतला, कात्रीने कापून अरुंद केला आणि ठशाची गुलाबी पावडर पाण्यात घोटली. तिला पुदिन्याचा वास होता. मुकादम समोर येऊन बसली. घरात काहीतरी काम निघालेलं होतं, म्हणजे तिची हजेरी आलीच. काम तिच्याच तोंडात आहे हे मात्र तिला फार उशिरा समजलं.

ट्रे आत गेला. पहिले दोन सेकंद ती विचार करत राहिली. मग तिने जोराने मान झटकली. गुलाबी लगदा पडद्यावर गेला, काकांच्या चष्म्यावर गेला, फळीवरच्या एका जबड्याने तर अख्खा घासच घेतला. ट्रे दातांत धरून मुकादम टेबलाभोवती पळाली, तिच्यामागे काका चवड्यांवर, "अगं थांब, घट्ट होतंय, थांब!" करत. शेवटी कोपऱ्यात गाठून त्यांनी ट्रे ओढला, आणि तो त्या दाढेला लागला.

मुकादम एकदाच कळवळली. बारीक, कूं असा आवाज. चावली नाही, गुरगुरली नाही. उलट काकांच्या हातावर हनुवटी टेकवून उभी राहिली.

काका तिथेच फरशीवर बसले. सगळी हुशारी गळून पडली.

"काय चाललंय?" दारात काकू होत्या, हातात पिशवी. त्यांनी पडदा पाहिला, चष्मा पाहिला, मुकादमच्या गुलाबी मिशा पाहिल्या.

"काही नाही," काका म्हणाले.

"अहो."

"ठसा घेत होतो."

"कुत्र्याला कवळी?"

"टोपी. दाढ फुटलीय तिची. त्या शिंगाने. माझ्यामुळे." चार वाक्यांत काकांनी सगळं ओकून टाकलं.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. त्या चिडतील असं काकांना वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?"

"बुधवार."

"आज शनिवार आहे." काकूंनी पडद्याला हात पुसला, नाहीतरी तो धुवायचाच होता. "उठा. चप्पल घाला. ते शिंगपण घ्या बरोबर."

प्राण्यांची डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीएवढी होती. तिने मुकादमचा ओठ वर करून पाहिलं आणि मग कागद पुढे ओढला. "काय चावायला देता?"

काकूंनी शिंग टेबलावर ठेवलं. डॉक्टरने ते उचललं. "काका, पाय जरा पुढे घ्या."

काकांनी भाबडेपणाने पाय पुढे केला. डॉक्टरने शिंग त्यांच्या गुडघ्याच्या वाटीवर टक्कन मारलं.

"आई गं!"

"लागलं?"

"लागणारच की!"

"जे गुडघ्यावर मारून घ्यायला नको वाटतं, ते तिच्या दाताला का द्यायचं?" तिने शिंग काकांच्या हातात दिलं. "आता अंगठ्याचं नख रुतवून बघा. रुततंय?"

काकांनी जोर लावला. नखच वाकलं. "नाही."

"मग ती चावायची वस्तू नव्हे. लोकांना वाटतं कुत्र्याचे दात म्हणजे पोलाद. त्यांचा जबडा जोरकस असतो, पण दातावरचं कवच आपल्यापेक्षाही पातळ. जोर जास्त आणि कवच कमी, म्हणजे फुटणार कोण? शिंग नाही फुटत. आणि तुम्ही तसे थोडक्यात सुटलात. कधी असल्या वस्तूचा तुकडा निघतो, कुत्रं तो गिळतं आणि घशात किंवा आतड्यात अडकतो. मग पोट उघडावं लागतं."

काकांचा चेहरा उतरला. आता त्यांना आठवत होतं की असल्याच एका मुद्द्यावरून आपण डॉक्टरांशी जन्मभर भांडत आलो. कुणी चिनी मातीचे दात बसवा म्हणालं की काका विचारायचे, समोर खरे दात आहेत का? असतील तर नको, हे त्यांना घासून खातील. तोंडात दोन कठीण समोरासमोर आले की एक जातो, आणि जातो तो नेहमी जिवंतच. हे वाक्य त्यांनी नव्या डॉक्टरांना कितीदा ऐकवलं असेल. स्वतःच्या घरात ते एकदाही ऐकू आलं नव्हतं.

"दिव्याखाली अंधार," काकू म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या मनातलं तंतोतंत वाचलं होतं.

"तिला खूप दुखत असेल का?" काकांनी विचारलं.

"हो. पण ती दाखवणार नाही. जेवते, शेपटी हलवते, म्हणून लोक अंगावर काढतात." डॉक्टरने त्यांच्याकडे बघायचं टाळलं, तेवढी ती दयाळू होती. "नसेचं काम करून दाढ वाचवणारे आहेत, पण ते लांब, आणि दाढही फार थोडी उरलीय. मी काढायला सांगेन. सोमवारी सकाळी उपाशी आणा. तोवर दुखण्याचं औषध देते."

बाहेर पडताच काकांना राग चढला. सगळा राग दुकानदारावर. काकू औषध घेऊन मुकादमसह घरी गेल्या आणि काका तडक दुकानात शिरले. शिंग काउंटरवर आपटलं. पुन्हा ठण्ण.

"हे तुम्ही मला दिलंत!"

दुकानदाराने भिंगांतून शिंगाकडे आणि मग काकांकडे पाहिलं. "दिलं. तुम्ही मऊ वस्तू सगळ्या बाजूला सारल्यात काका. दगड असला तरी चालेल म्हणालात."

माणूस खोटं बोलत नव्हता.

"दाढ फुटली तिची," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले.

"अरेरे." दुकानदार खरंच हळहळला. मग डोकं खाजवत म्हणाला, "खरं सांगू? मला कुणी हे सांगितलंच नाही. विकत घेणारा टिकाऊ मागतो, मी टिकाऊ देतो. कुत्रं कधी येऊन तक्रार करत नाही."

काकांनी त्याला नखाची गोष्ट सांगितली. गुडघ्याचीही सांगितली, दाखवली मात्र नाही. मग दोघांनी मिळून अख्खी फळी खाली उतरवली आणि एकेका वस्तूला नख लावत बसले. गिऱ्हाईक आलं की दुकानदार म्हणायचा, "जरा थांबा, माल तपासतोय." खूर नापास. भट्टीत सुकवलेलं हाड नापास. एक रबरी नळी पास झाली, दाबली की दबायची, सोडली की फुगायची. काकांनी ती घेतली, आणि मुकादमच्या तोंडात अख्खी मावणार नाही एवढी मोठी आहे ना, हेही ताडून पाहिलं.

रविवारी मुलीचा कॉल आला. काकांनी मुकादमला अशी बसवली की डावा गाल फोनकडे राहील. "ती अशी आडवी काय बघतेय?" मुलीने विचारलं. काका म्हणाले, "खिडकीत चिमणी आहे." काकूंनी त्यांच्याकडे जे पाहिलं, ते पाहणं पोस्टाच्या खिडकीतून बनावट सही पकडतानाचं होतं. पण त्या बोलल्या नाहीत. हे ज्याचं त्याने सांगायचं होतं.

सोमवारी सकाळी मुकादम टेबलावर आडवी झाली आणि तिला भूल चढली. काका बाहेरच्या बाकावर. शेजारी पिंजऱ्यात पोपट घेऊन एक गृहस्थ होते. ते पोपटाबद्दल काही सांगत होते, काकांना एक अक्षर कळलं नाही. भूल म्हणजे काय, किती द्यायची, म्हाताऱ्या माणसांचं काय होतं, हे सगळं ऐकीव ज्ञान त्यांच्या डोक्यात गरगरत होतं. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. नेमका तोच गुडघा. काका कण्हले, आणि दोघांनाही हसू फुटलं. पोपटवाल्या गृहस्थांना वाटलं त्यांच्याच गोष्टीला हसले. ते खूश झाले.

तासाभराने डॉक्टर बाहेर आली. "झालं. तीन मुळं होती, तिन्ही वेगवेगळी काढावी लागली. जिवंत दाताला जबडा सहजी सोडत नाही."

"ती?"

"उठतेय. घोरत होती तुमची मुकादम."

घरी आणल्यावर दोन दिवस ती सुजलेल्या गालाने सगळ्यांकडे रुसून बघत राहिली. जेवण मऊ, कुस्करून, काकांच्या हातून. तिसऱ्या दिवशी तिने भांडं चाटून पुसून ठेवलं आणि वर काकांच्या ताटाकडे बघितलं, तेव्हा काकूंनी जाहीर केलं की रोगी बरा आहे.

पुढच्या रविवारची वाट काकांनी पाहिली नाही. गुरुवारीच त्यांनी मुलीला फोन लावला. ती ऑफिसातून बाहेर येऊन घाबऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा? काय झालं?"

"मी एक गाढवपणा केला," काका म्हणाले, आणि शिंगापासून चिमणीपर्यंत सगळं सांगितलं. चिमणी नव्हती हेसुद्धा.



"चार दिवस तुम्हाला माहीत होतं?" मुलगी म्हणाली.

"बुधवारी कळलं, शनिवारी कबूल केलं. मधले दिवस मी स्वतःलाच फसवत होतो."

"बाबा, मला राग आलाय."

"यायलाच हवा."

"तिला दाखवा."

काकांनी मुकादमला उजवीकडून फोनसमोर धरलं आणि ओठ वर केला. टाक्यांची रेघ गुलाबी, स्वच्छ होती. मुलगी बघत राहिली. मुकादमने आवाज ओळखला आणि फोनच्या काचेवरून अशी जीभ फिरवली की पलीकडे नुसतं धुकं दिसू लागलं.

"शी! बाबा, पुसा!" मुलगी ओरडली, पण ओरडता ओरडता हसली. "आणि आता चावायला काय देताय?"

"रबराची नळी आहे. नख रुततं. मी स्वतः तपासलीय, पण टाके सुकेपर्यंत तीही नाही. नंतर चावायला बसली की शेजारी बसेन."

"म्हणजे दिवसभर तुम्ही तिच्यावर लक्ष ठेवून बसणार?"

"दिवसभर," काकू मागून म्हणाल्या, "आणि दर दहा मिनिटांनी तिचं तोंड उघडून बघतात. मी म्हटलं, अहो, निदान तिला आधी नमस्कार तरी करत जा."

काकांनी सदऱ्याच्या टोकाने फोनची काच पुसली, फोन काकूंच्या हातात दिला आणि ते मोटरीकडे वळले. टेबलावर एका आजोबांची खालची कवळी घासायची राहिली होती, आणि आजोबा पाचला येणार होते.